सावलीतल्या कुरडया

एप्रिलातल्या दुपारी सांगलीत कुणालाही थांबवून विचारा, बाबा रे, तुला काय पाहिजे? तो म्हणेल, सावली. रिक्षावाला म्हणेल, भाजीवाली म्हणेल, झाडाखाली जीभ काढून पडलेलं कुत्रंसुद्धा तेच म्हणेल. अख्ख्या गावात एक अंजनाच अशी होती की जिला ऊन पाहिजे होतं. आणि नेमकं तिचंच ऊन चोरीला गेलं. ऊन कुठं चोरीला जातं का, असं म्हणू नका. जातं. दिवसाढवळ्या जातं, नकाशा मंजूर करून जातं, आणि चोर वर पेढेही वाटतो.

अंजना मूळची मेढ्याकडची. तिकडं चार महिने पाऊस, उरलेल्यात धुकं. माहेरी वाळत घातलेलं लुगडं दोन-दोन दिवस ओलंच राहायचं. तीसेक वर्षांपूर्वी लग्न होऊन ती सांगली-मिरज रस्त्याच्या आतल्या बाजूला एका बैठ्या घरात आली. नवरा महेंद्र मिरजेत एका दवाखान्यात वॉर्डबॉय होता. पहिल्या वैशाखात अंजना ओल्या फडक्यात तोंड खुपसून रडली होती. "ह्या भट्टीत कशापायी आणलं मला?" असं ती नवऱ्याला म्हणाली. त्यानं पंखा आणला. पंख्यानं गरम वाराच फिरवला.

पण त्याच उन्हाळ्यात तिनं घराच्या स्लॅबवर पहिल्यांदा कुरडया घातल्या. सकाळी सातला घातल्या, आणि दुपारी तीनला जाऊन बघते तर काय, कडकडीत! एकमेकींवर टाकल्या तर बांगड्यांचा आवाज यावा तशा. माहेरी तिच्या आईला याच कुरडयांसाठी तीन दिवस राखण करावी लागायची, चौथ्या दिवशी बुरशी यायची ती वेगळीच. अंजना त्या तापलेल्या स्लॅबवर अनवाणी उभी राहिली, तळपाय पोळले, आणि तिला पहिल्यांदा हे गाव आपलं वाटलं.

पुढं महेंद्र गेला. मूल नव्हतं. मग ऊनच तिचा कमावता माणूस झालं म्हणा ना. कुरडया, सांडगे, पापड, शेवया. गाव वाढत होतं. शेताची बिगरशेती होत होती, ऊस होता तिथं फ्लॅट उभे राहत होते, आणि त्या फ्लॅटांमधून बँकेत, कॉलेजात, दवाखान्यात जाणाऱ्या बायका राहायला येत होत्या. त्यांना ना वेळ होता ना स्वतःची गच्ची. त्या अंजनाकडं यायच्या. पुण्याला पोराकडं जायचं असलं की डबा अंजनाचाच. लोक म्हणायचे गाव फार वाढलं, झाडं गेली, उकाडा वाढला. अंजना म्हणायची, "वाढू द्या की! मला काय, लयच बरं हाय."

शेजारी, उगवतीच्या बाजूला, वीरधवलचा बंगला होता. नदीकडचं उसाचं रान विकून तो इथं आलेला. महेंद्रला दादा म्हणायचा, अंजनाला वैनी. त्याची पोरगी संयोगिता तर अंजनाच्याच स्वयंपाकघरात मोठी झाली म्हटलं तरी चालेल. कुरडया करायच्या दिवशी पातेल्यातला गरम चीक वाटीत घेऊन, वर दूध-साखर घालून, उंबऱ्यात बसून खायची. अंजना तिला रागवायची, "तू खाल्लीस तर मी घालू काय?" आणि आणखी एक डाव वाढायची.

मग वीरधवलला बिल्डर व्हायची हौस आली. बंगला पाडून तिथं सात मजले बांधायचे ठरले. उन्हाळा होता, त्याची बोअर आटलेली, टँकर वेळेवर येईना. अंजनाच्या परसात आड होता, जुना, भरला. वीरधवल दारात येऊन बसला.

"वैनी, काँक्रीटला पाणी लागतं बघा. दोन उन्हाळे तुमच्या आडाचं पाणी द्या."

"घ्या की. पाण्याला कोण न्हाई म्हणतंय? निस्तं माजं ऊन तेवढं सोडा, भावजी. सकाळचं ऊन गेलं की माजा धंदा बसला."

"आवं काय बोलताय! बिल्डिंग पार पलीकडच्या कडेला घेतोय. तुमच्या अंगाला सगळं पार्किंग. शब्द हाय माजा. तुमच्या स्लॅबवर सावली पडली तर तोंड दाखवणार न्हाई."

अंजनानं चहा केला. मोटार बसली, पाइप पडला, आणि तिच्या आडाचं पाणी दोन उन्हाळे वीरधवलच्या काँक्रीटला गेलं.

खांब उभे राहायला लागले ते अंजनाच्या भिंतीला लागून. ती आधी समजली, गोदाम असेल. मग पहिला मजला आला, दुसरा आला. तिसऱ्याच्या वेळी ती पदर खोचून साइटवर गेली.

"भावजी, हे काय?"

"वैनी, आर्किटेक्टनं प्लॅन फिरवला. तिकडून रस्ता येतोय, तिकडं दुकानं काढली. त्याला मी काय करणार?"

"तुमी शब्द दिला हुता."

वीरधवल हसला. वाईट नाही हसला, तेच वाईट. लहान पोराला समजावतात तसा हसला. "वैनी, शब्दावर कुठं बिल्डिंगी उभ्या राहत्यात व्हय? कागुद हाय का काय?"

कागद कुठला असणार? अंजनानं चहा दिला होता, कागद मागितला नव्हता. दादा-वैनीच्या नात्यात कागद मागायची लाज वाटते, आणि वीरधवलसारखे लोक नेमके त्याच लाजेवर इमले चढवतात. घरी येऊन तिनं दार लावून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "तुला मी सोडत न्हाई."

सात मजले झाले. नाव काय ठेवलं असेल? सूर्यदीप हाइट्स! दीप बायकोच्या दीपमाला नावातला, आणि सूर्य अंजनाच्या स्लॅबवरचा. लाज बघा माणसाची.

आता अंजनाच्या स्लॅबवर ऊन यायचं ते बाराला, आणि चारला पश्चिमेची झाडं अडवायची. तुम्ही म्हणाल, चार तास थोडे का? कुरडईला विचारा. गहू तीन दिवस भिजवायचा, वाटायचा, चीक गाळून रात्रभर बसवायचा, पहाटे शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा. पाडल्यापासून तिला ऊन लागतं. सावलीत चार-पाच तास ओली राहिली की ती आतून आंबते. दिसायला आधी बरी दिसते, मग तांबूस पडते, मग वास. तळली तर फुलत नाही, तेलात चामडं होऊन पडते. पहिल्या वर्षीच गिऱ्हाइकं परत आली. सूर्यदीपच्या चौथ्या मजल्यावरचीच एक बाई डबा घेऊन आली आणि नाक मुरडून म्हणाली, "काकू, वास येतोय हो. पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत तुमच्या." अंजनाला वाटलं, हिला हाताला धरून वर न्यावं आणि हिच्याच घराची सावली दाखवावी. तिनं डबा ठेवून घेतला आणि पैसे परत केले.

वर आणखी एक गंमत. सूर्यदीपच्या सगळ्या एसींची गरम हवा फेकणारी यंत्रं अंजनाच्याच बाजूला बसवलेली. आत लोक गार झोपायचे आणि त्यांची गरमी हिच्या खिडकीत. ऊन गेलं आणि उकाडा राहिला. दुसऱ्या वर्षी मिरजेतल्या ओळखीच्या सुलाबाईच्या गच्चीवर घालू म्हटलं, तर शिजलेला चीक रिक्षातून नेईपर्यंत गार होऊन त्याच्या गुठळ्या व्हायच्या. कुरडया तिकडंच शिजवाव्या तर सुलाबाईच्या घरात किती दिवस पाय पसरायचे? धंदा निम्म्यावर आला, मग त्याच्या निम्म्यावर.

अंजना सूड शोधत होती. खोटं कशाला बोलायचं, ती बाई काही संत नव्हती. एकदा तिनं गव्हाचं आंबलेलं पाणी, ज्याच्या वासानं म्हैससुद्धा तोंड फिरवते, ते सूर्यदीपच्या पार्किंगमध्ये ओतलं. वॉचमननं पाइप लावून धुतलं. वीरधवलला कळलंसुद्धा नाही. ज्याच्यावर उगवायचा त्यालाच कळणार नसेल, तर तसला सूड काय कामाचा? ती दिवसभर स्वतःवरच चिडून बसली.

आणि मग ह्या फाल्गुनात दीपमाला आपल्या पायानं तिच्या दारात आली. संयोगिताचं लग्न ठरलं होतं, रहिमतपूरच्या मोठ्या घराण्यात. मुलाची आजी रंगूबाई, सगळ्या रितीभातींची पक्की. रुखवत तिच्या नजरेत भरायला पाहिजे होता.

"वैनी, झालं गेलं सोडा बघा," दीपमाला म्हणाली. "पोरगी हट्टच धरून बसलीया. रुखवत केला तर काकूच करणार, म्हणती."

मागून संयोगिता आली आणि अंजनाच्या गळ्यात पडली. "काकू, कराल ना? पप्पांचं मला सांगू नका. मला काही कळत नाही त्यातलं. तुम्ही मला नाही म्हणणार नाही."

पोरीच्या केसांचा वास ओळखीचा होता. अंजनाचं मन एक क्षण हललं. मग खिडकीतून एसीची गरम फुंकर आली.

"करते की," ती म्हणाली. "असा करते, की लोकांनी नाव काढलं पायजे."

सुलाबाईच्या घरी आठ दिवस मुक्काम ठोकून तिनं चांगला माल केला. पानाएवढ्या पांढऱ्याशुभ्र कुरडया, रंगीत शेवया, सांडगे, नक्षीचे पापड. आणि घरी परत आल्यावर एक घाणा मुद्दाम आपल्या स्लॅबवर घातला. सकाळी सूर्यदीपच्या सावलीत. शेजारी बसून राहिली, वाळवणावरचे कावळे हाकलायला बसतात तशी, पण ही त्या आंबायची वाट बघत होती. दुसऱ्या दिवशी त्या तांबूस पडल्या. तिसऱ्या दिवशी वास सुटला. अंजनानं जन्मात पहिल्यांदा खराब कुरडई जपून डब्यात भरली.

मग तिनं देखावा करायला घेतला. रुखवतात बंगला करतात, देऊळ करतात, विहीर करतात. अंजनानं सूर्यदीप हाइट्स केली. उडदाचे पापड चौकोनी कापून सात मजले, चिकाचीच खळ करून चिकटवलेले. शेवयांचे गज, सांडग्यांच्या गाड्या, दारात वॉचमनची बाहुली. प्रत्येक मजला चिकटवताना ती पुटपुटायची, "हा घे. हा घे." आणि त्या इमारतीच्या पायथ्याशी, भिंतीला लागून, एक बैठं घर केलं, वीतभर. त्याच्या स्लॅबवर त्या तांबूस कुरडया मांडल्या.

लग्न वैशाखात, मिरज रस्त्यावरच्या मोठ्या कार्यालयात. बाहेर डांबर पायाला चिकटत होतं आणि आत थंडगार. अंजनानं सकाळीच रुखवत मांडला. दीपमालेनं बघितलं आणि हातच जोडले. "आगं बाई! आपली बिल्डिंगच की! आवं, इकडं या, बघा तरी वैनींनी काय केलंय!"

वीरधवल आला. फेटा, सोन्याची साखळी, घाम पुसायला एक माणूस वेगळा. इमारत बघून त्याची छाती फुगली. खालचं घर त्याला दिसलंच नाही. आधी तरी कुठं दिसलं होतं? "वा वैनी! मानलं तुमाला!" म्हणाला, आणि स्वतः जाऊन व्याह्यांना, त्यांच्या पावण्यारावळ्यांना, रंगूबाईला हाताला धरून घेऊन आला. "बघा आजी, ही आपली बिल्डिंग. सगळी पापडाची. सात मजले!" मोबाइल वर झाले, फोटो निघाले. सालंकृत संयोगिताही करवल्यांबरोबर येऊन उभी राहिली, हसत.

अंजना टेबलाच्या बाजूला उभी होती. ह्या घटकेसाठी तिनं तीन उन्हाळे काढले होते.

रंगूबाई नव्वदीच्या घरातली, पण डोळे घारीचे. तिनं इमारत सोडून खालीच बघितलं. काठीच्या टोकानं दाखवलं, "आन् हे खुराडं काय हाय गं?" मग वाकून एक तांबूस कुरडई उचलली, नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं. "आंबलीया की! एवढा सुरेख माल केलास, आन् ही घाण कशाला मांडलीस?"

"ते माजं घर हाय, आत्याबाई," अंजना म्हणाली. सगळ्यांना ऐकू गेलं. "आन् ह्या बिल्डिंगीच्या सावलीत वाळलेल्या कुरडया अशाच हुत्यात. आमच्या आडाचं पाणी दोन उन्हाळे पिऊन ही उभी राहिली. तवा भावजींनी शब्द दिला हुता, तुमच्या अंगाला बिल्डिंग येणार न्हाई म्हणून. मग मला इचारलं, कागुद हाय का. कागुद न्हाई माज्याकडं. म्हणून ह्या आणल्या. ह्याच माजा कागुद."

सनईवाला तिकडं वाजवतच होता. दीपमालेचा चेहरा उतरला. एक बाई दुसरीच्या कानाला लागली. अंजनानं फक्त वीरधवलकडं बघितलं. पड आता, असं ती मनात म्हणत होती. पड खाली.

तो पडला नाही. क्षणभर गाल थरथरला, मग तो मोठ्यांदा हसला. "आवं आजी, गाव वाढायचं म्हणजे कुणावर तरी सावली पडणारच! आन् ह्या उन्हाळ्यात सावलीला कोण वाईट म्हणतंय?" पुरुष हसले. कुणीतरी म्हणालं, खरं हाय, आमच्यावर पाडा की सावली. वीरधवलनं त्याच्या पाठीवर थाप मारली, पुढच्या बिल्डिंगीत तुमचा फ्लॅट पक्का म्हणाला, आणि सगळ्यांना जेवायला घेऊन गेला. झालं! तीन उन्हाळ्यांचा राग त्यानं हसण्यावारी नेला.

मागं बायका राहिल्या. रंगूबाईनं ती कुरडई टेबलावर ठेवली, बोटं पदराला पुसली आणि संयोगिताकडं वळून म्हणाली, "पोरी, आमच्या घरात दिलेला शब्द पाळत्यात. बापाचं वळण उंबऱ्याच्या आत आणू नगंस." आणि काठी टेकत निघून गेली.

संयोगिताच्या चेहऱ्यावरचं रक्त उडालं. अंजनानं ते बघितलं. बाण बापावर सोडला होता, लागला पोरीला. पोरीनं तिच्याकडं बघितलं. राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. ती विचारत होती, खरं आहे का हे, आणि अंजनानं मान खाली घातली नाही. खरं होतं ते. त्याला ती काय करणार?

अक्षता पडल्या, पंगती उठल्या. उन्हं कलली तशी पाठवणी आली. फुलांची गाडी दारात लागली. संयोगिता आईच्या गळ्यात पडून रडली, मावश्यांच्या पडली. मग वीरधवल पुढं आला. डोळे लाल झालेले. माणूस म्हणून त्याचं जगात दुसऱ्या कुणावर प्रेम नसेल, पण या पोरीवर होतं, हे अंजनालाही कबूल होतं. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

पोरगी पाया पडली नाही. तिनं मान वर केली.

"पप्पा, काकूंना तुम्ही शब्द दिला होता?"

"आता कशाला ते, बाळा..."

"दिला होता का नाही, एवढंच सांगा. मला तिथं जाऊन राहायचंय. सगळ्यांसमोर आजींचं ऐकून घेतलंय मी."

व्याही उभे होते, रंगूबाई उभी होती, अख्खी वरात उभी होती. वीरधवलनं हसायचा प्रयत्न केला. ओठ हलले, पण हसू आलंच नाही. ज्या तोंडानं अंजनाला कागद मागितला, पावण्यांना फ्लॅट विकले, त्या तोंडातून पोरीपुढं खोटं निघेना. खाली बघून तो म्हणाला, "दिला हुता."

"मग आमच्या सासरी कुणाला काही शब्द दिलात, तर आधी लिहून द्या," संयोगिता म्हणाली. तिनं त्याचा हात हळूच आपल्या डोक्यावरून काढला, त्याच्याच दुसऱ्या हातात ठेवला, आणि गाडीत बसली. जाताना तिनं अंजनाकडंही बघितलं नाही. काच वर गेली.

गाडी हलली. वीरधवल रस्त्यात तसाच उभा राहिला, उघड्या उन्हात. फेटा एका बाजूला झाला होता. सावलीत या म्हणायला कुणी पुढं आलं नाही. त्याचे खांदे हलायला लागले, आणि एवढा दांडगा माणूस हमसून हमसून रडला.

अंजना कार्यालयाच्या दारातून बघत होती. तिनं मागितलं होतं त्याहून जास्त तिला मिळालं होतं. पोरगी गेली होती, ती आता तिचीही राहिली नव्हती, आणि स्लॅबवर उद्याही बारापर्यंत सावलीच असणार होती. तिला कळत होतं की पुढं जाऊन एक तांब्या पाणी तरी द्यावं माणसाला. ती जागची हलली नाही. बघतच राहिली, आणि रडू आवरून तो आत जाईपर्यंत तिनं एकदाही नजर काढली नाही.